उपासनेत गिटार वाजवण्यापूर्वी

तुम्ही ख्रिस्ती नसलेले गिटारवादक असाल आणि नाशिकच्या शरणपूर परिसरातील एखाद्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत वाजवण्याचे आमंत्रण स्वीकारणार असाल, तर आपण श्रद्धेने ख्रिस्ती नाही, हे पाळकांना आधीच स्पष्ट सांगा. काही मंडळ्या केवळ विश्वासणाऱ्यांनाच वादकांत घेतात, आणि त्यांचा तो आग्रह मला रास्त वाटतो. होकार मिळाला, तर तिथे गाणारी मंडळी मुख्य आहे आणि आपण साथीला आहोत, हे ध्यानात ठेवा. रॉक गायकाला शोभणारी वरची पट्टी बाकावरच्या आजींना झेपत नाही, म्हणून ती एक-दोन स्वरांनी खाली घ्या, आणि मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे भजन असेल, तर त्यावर ड्रमचा ठेका न लादता पेटी-तबल्यालाच पुढे राहू द्या. दगडी, उंच छताच्या इमारतीत आवाज फार घुमतो आणि स्नेअर ड्रमच्या ठोक्यांखाली शब्द बुडून जातात, त्यामुळे ड्रमवाल्याला काठ्यांऐवजी ब्रश वापरायला सांगा आणि तुमचे डिस्टॉर्शन पेडल शक्यतो बंदच ठेवा. प्रार्थना सुरू होताच तळहात तारांवर ठेवून नाद थांबवा. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या वेळी बाप्तिस्मा न झालेल्याने जागेवरच बसून राहावे. लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या दिवसांत आणि विशेषतः उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) वाद्ये अगदी संयत ठेवण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे, तेव्हा त्या आठवड्यांची गाणी पाळकांकडून आधीच मागून घ्या.