डब्ल्यूपीसीचा चुरा परत वापरला तर ताकद किती जाते?

डब्ल्यूपीसीच्या (भुसा किंवा लाकडाचे तंतू आणि प्लॅस्टिक मिसळून केलेल्या) फळ्यांचे तुकडे दळून परत एक्स्ट्रूडरला (माल वितळवून स्क्रूने दाबत साच्यातून काढणारं मशीन) टाकले तर ताकद किती टक्के घटेल, असं विचारलंय. एका आकड्यात सांगता येणार नाही, चुरा कुठला आहे यावर सगळं आहे. कारखान्यातल्या लाइनवरचेच कापलेले स्वच्छ तुकडे असतील तर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत सहसा फार बिघडत नाही, उलट कधीकधी भुसा प्लॅस्टिकमध्ये अजून नीट मिसळतो, कण चांगले झाकले जातात आणि फळी आधीपेक्षा कमी पाणी पिते. लांब तंतू वापरले असतील तर मात्र दर फेरीला स्क्रू ते तोडत जातो, मग ते भार उचलत नाहीत, नुसते फिलर म्हणून बसतात, आणि वाकवण्याची ताकद आणि कडकपणा तिथे जातो. बारीक भुशात तोडायला मुळात फारसं काही नसतंच.

प्लॅस्टिक कुठलं तेही बघा. पीपीच्या (पॉलिप्रोपिलीन) रेणूंच्या साखळ्या तुटतात, एमएफआय (वितळलेलं प्लॅस्टिक किती सहज वाहतं त्याचा आकडा) वाढतो. एचडीपीईमध्ये (जास्त घनतेचं पॉलिथिन) साखळ्या एकमेकींना जोडल्याही जातात, त्यामुळे एमएफआय उलटा खालीही येऊ शकतो. पीव्हीसी तापून सडलं की हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटतं आणि ते लाकडातलं सेल्युलोजही खातं, म्हणून त्याला स्टॅबिलायझर (तापून सडू न देणारं रसायन) परत द्यावाच लागतो. आणि लाकूड आहे म्हटल्यावर 200 अंशांच्या वर जायचंच नाही. डायजवळ (माल बाहेर पडतो तो साचा) व्हिनेगरसारखा आंबट वास यायला लागला आणि माल काळपट पडला तर लाकूड जळायला लागलंय, तापमान लगेच खाली घ्या.

खरी काळजी करायची ती उन्हापावसात वर्षं काढलेल्या जुन्या डेकिंगची (उघड्यावरच्या फरशीच्या फळ्या). ओलं होऊन फुगणं, सुकून आकसणं हे सारखं चालू राहिल्याने लाकूड आणि प्लॅस्टिकमधली पकडच सुटलेली असते. एक फळी मोडून तुटलेली कड भिंगाखाली धरा. तंतू अख्खे उपटून आलेत आणि मागे गुळगुळीत भोकं राहिलीत म्हणजे पकड गेली, तंतू मधेच फाटलेत म्हणजे अजून आहे. पकड गेलेल्या मालात ताजा कपलिंग एजंट (लाकूड आणि प्लॅस्टिक जोडून धरणारं रसायन) 2-3 टक्के आणि थोडा अँटिऑक्सिडंट (प्लॅस्टिक खराब होणं रोखणारं रसायन) घालून बघा, नुसतं व्हर्जिन म्हणजे नवं प्लॅस्टिक वाढवून ती परत येत नाही. आणि चुरा आधी नीट वाळवा, ओलावा 1 टक्क्याच्या खाली हवा, नाहीतर आत वाफेचे बुडबुडे धरतात आणि मग आपण उगाच रिसायकलिंगला दोष देत बसतो!

बाहेरून आलेल्या चुऱ्यात पीईटीचे (पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक) कण असतील तर ते 250 अंशांच्या आसपास गेल्याशिवाय वितळतच नाहीत, फळीत खड्यांसारखे राहतात आणि तडा तिथूनच जातो. डब्ल्यूपीसी बहुतेक वेळा पाण्यात बुडतं आणि पीईटीही बुडतं, त्यामुळे पाण्याच्या टाकीत हे दोन वेगळे होणार नाहीत, दळायच्या आधी हातानेच निवडावं लागेल. टेस्टिंगला फक्त टेन्साइलवर (ओढून तोडायची चाचणी) थांबू नका, इम्पॅक्ट (आघाताची चाचणी) आणि 24 तास पाण्यात ठेवून वजनवाढ या दोन्ही घ्या, आणि एमएफआय दर लॉटचा काढा.