पोच घेतली का? मग पुढचं बोलू

वॉर्ड ऑफिसच्या कामांबद्दल मागे लिहिलं होतं, तेव्हापासून मेल येतायत आणि गोंधळ फिरून फिरून तोच. पाच प्रश्न घेतलेत.

आमचा सेक्रेटरी हिशोब दाखवत नाही. त्याच्यावर माहिती अधिकार टाकू का? (बोरिवली)

नाही. हाउसिंग सोसायटी म्हणजे सरकारी कार्यालय नव्हे, उपनिबंधकांकडे जा.

पाण्याच्या कनेक्शनचा अर्ज देऊन तीन महिने झाले. दर वेळी 'साहेब साईटवर गेलेत'. सेवा हक्क कायद्यात अपील करता येतं असं ऐकलंय. (कुर्ला)

बरोबर ऐकलंय, पण पोच आहे का? एवढ्या लांबलचक मेलमध्ये तेवढंच नाहीये. चकरा किती मारल्या, कोण काय बोललं, शेजाऱ्याचं काम कसं आठवड्यात झालं, सगळं आहे, आवक नंबर मात्र नाही!

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला. कुठली सेवा किती दिवसांत, फी किती, अधिकारी कोण, अपील कोणाकडे, हे ऑफिसात बोर्डावर लावायचंच असतं. तो बोर्ड कधीकधी कपाटामागे असतो, मागून घ्या, आणि तुमची सेवा त्यात आहे ना ते आधी बघा, कारण जाहीर केलेल्या सेवांनाच हा कायदा लागतो. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला की 30 दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग थेट राज्य सेवा हक्क आयोग. अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ वाटते पण साहेब लोकांना ती झोंबते. पण सेवेची मुदत मोजायची कुठून? पोचेवरच्या तारखेपासून. तीच नसेल तर तुमचा अर्ज कधी आलाच नाही असं म्हणायला ते मोकळे.

गेल्या महिन्यात एक काका आले होते, कागद नीट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला. गोल निळा शिक्का होता, कोणाचीतरी सही होती, आणि तारखेच्या जागी नुसता शाईचा डाग. आता यावर अपिलात काय बोलणार? म्हणून अर्ज दोन प्रतीत न्या, ओसीवर, म्हणजे तुमच्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, शिक्का, आवक नंबर आणि तारीख खिडकीतच वाचून बघा, पुसट असेल तर पेनाने लिहून मागा. मागे रांगेतले लोक करवादतील, करवादू देत. 'एक कागद कमी आहे' असं तोंडी सांगितलं तर तेही लेखी मागा, नाहीतर पुढच्या खेपेला दुसराच कागद कमी निघतो. ऑनलाइन भरलंत तर नंबराचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पोच सापडली तर ती घेऊन पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा द्यायची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला, भेटा. अपिलाचे 30 दिवस उलटले असतील तर उशिराचं कारण पटवून द्यावं लागेल, मसुदा जाणकाराला दाखवल्याशिवाय टाकू नका.

आमच्या गल्लीतला रस्ता वर्षभरात उखडला. 'असं का झालं, जबाबदार कोण' असा माहिती अधिकार टाकला, उत्तर आलं की ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही. वकील करू का? (घाटकोपर)

वकील नको, प्रश्न बदला. 'का' विचारलं की ते खुश होतात, कारण कायद्याने जे कागद आहेत तेच द्यायचे असतात. वर्क ऑर्डरची प्रत, मोजमाप पुस्तक म्हणजे एमबीची प्रत, आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो ते मागा. कालावधी चालू असेल तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, मग जबाबदार कोण हे विचारावंच लागत नाही. एकच विषय, 150 शब्दांच्या आत, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्याकडच्या नियमात असंच आहे, गुजरात-दिल्लीचा तयार फॉर्म व्हॉट्सॲपवरून उचलू नका. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच ऑफिसातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील.

ऑफिसबाहेरचा एजंट म्हणतो साडेतीन हजार द्या, 'आत पोचवावे लागतात'. सगळेच देतात. (मालाड)

सगळेच देतात हे एजंटच सांगतो, आणि त्यातले आत किती जातात ते त्यालाच माहीत. देऊ नका. आतल्या माणसासाठी मागतोय तर पैसे द्यायच्या आधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर फोन करा, सापळा आधीच लावता येतो. 2018 च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो, जबरदस्तीने द्यावे लागले असतील तर 7 दिवसांत कळवलं तरच सुटका. 'नंतर बघू' म्हणालात तर ते सात दिवस चहात जातात. आधीच दिले असतील तर आजच वकिलाशी बोला, मला मेल करत बसू नका.

खड्ड्यात स्कूटर गेली, बाबांचा हात मोडला. भरपाई मिळते म्हणे? (मुलुंड)

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यातल्या मृत्यूला 6 लाख आणि जखमींना दुखापतीप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख असं ठरवून दिलंय. तुमच्या केसमध्ये किती, ते इथे सांगता येणार नाही. खड्डा बुजायच्या आत फोटो काढा, हॉस्पिटलचे कागद आणि पोलिसांकडची नोंद घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अर्ज दिल्यावर पोच घ्याल ना?