व्यावसायिक टेनिसपटूंचे फटके पाहून आपले फटके खरोखर सुधारता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तिशीनंतर तुम्ही टेनिस सुरू केले, शनिवार-रविवारी क्लबात खेळता, फोरहँड कधी नेटमध्ये अडकतो तर कधी बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या टोकाच्या रेषेच्या, पलीकडे जातो, आणि नदाल-फेडररचे असंख्य व्हिडिओ पाहूनही त्यात फरक पडलेला नाही. मग हौशी खेळाडूने या मंडळींकडून काही शिकणे शक्य आहे का, आणि असल्यास कोणाकडून?

शक्य आहे. मी स्वतः जे काही शिकलो त्यातला मोठा भाग याच मार्गाने शिकलो. मात्र आपली नजर जिथे आपोआप जाते तिथे शिकण्यासारखे फारसे नसते, आणि जिथे शिकण्यासारखे असते तो क्षण इतका साधा दिसतो की तो आपण पाहतच नाही.

फेडरर, नदाल आणि जोकोविच यांचे फोरहँड शेजारी शेजारी ठेवून पाहा. फेडररची ग्रिप, म्हणजे रॅकेट धरण्याची पद्धत, ईस्टर्नच्या जवळची (तळवा मुठीच्या बाजूला), तर इतर दोघांची सेमी-वेस्टर्नकडे झुकणारी (तळवा आणखी खाली). चेंडूला रॅकेट लागते तेव्हा फेडरर आणि नदाल यांचा हात जवळजवळ सरळ असतो, जोकोविचचे कोपर वाकलेले असते. नदालची रॅकेट फटक्यानंतर बहुतेक वेळा डोक्यावरून मागे जाते. एवढे फरक पाहिल्यावर नक्कल कोणाची करावी हा गोंधळ होणारच. आता व्हिडिओ थोडा मागे न्या. प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटवरून चेंडू सुटताच तिघांचेही खांदे वळू लागतात. खांदे वळेपर्यंत दुसरा हात रॅकेटच्या गळ्यावरच असतो आणि नंतर तो बेसलाइनला साधारण समांतर पसरतो. चेंडू शरीराच्या पुढे गाठला जातो. त्या क्षणी रॅकेटच्या तारांचा पृष्ठभाग जवळजवळ उभा असतो आणि डोके स्थिर असते. या गोष्टी तिघांत समान आहेत, आणि माझ्या मते तंत्र म्हणायचे ते यालाच. उरलेले त्यांच्या शरीरयष्टीचे आणि लहानपणापासूनच्या सवयींचे आहे.

नदालच्या त्या डोक्यावरून जाणाऱ्या रॅकेटविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिची नक्कल मी सर्वाधिक पाहिली आहे. चेंडू आणि तारा यांचा स्पर्श सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पट इतकाच टिकतो, त्यामुळे चेंडू सुटल्यावर रॅकेट कुठे गेली याचा चेंडूवर कोणताही परिणाम होऊ शकत नाही. फॉलो थ्रू, म्हणजे फटक्यानंतरची रॅकेटची हालचाल, हा आधी जे घडले त्याचा परिणाम आहे. नदालची रॅकेट चेंडूच्या बरीच खालून येते आणि तीव्र चढाने, प्रचंड वेगाने वर जाते. त्याच्या फोरहँडची फिरकी मिनिटाला सरासरी ३२०० फेऱ्यांच्या आसपास मोजली गेली आहे. तो वेग कुठेतरी विरावाच लागतो, म्हणून रॅकेट डोक्यावर जाते. आपण केवळ शेवट उचलला की ऐन स्पर्शाच्या क्षणी हात वर खेचला जातो, वजन मागच्या पायावर राहते, आणि चेंडू एकतर चौकटीला लागतो किंवा प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिस बॉक्समध्ये अलगद पडतो.

तुमचा चेंडू कधी नेटमध्ये तर कधी बाहेर जातो, यावरून माझा अंदाज असा की चेंडू गाठण्याची जागाच दर वेळी बदलते आहे. तसे होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे उशिरा वळलेले खांदे, आणि खांदे उशिरा वळण्याचे कारण बहुधा पायांत सापडते. त्यासाठी जोकोविचची रिटर्न, म्हणजे सर्व्हिस परतवणे, पाहा, पण चेंडू पाहू नका, केवळ त्याचे पाय पाहा. प्रतिस्पर्धी फटका मारण्याच्या बेतात असताना तो छोटीशी उडी घेतो आणि चेंडू कोणत्या बाजूला येतो हे कळण्याच्या सुमारास त्याचे पाय जमिनीला टेकतात, त्यामुळे पहिले पाऊल योग्य दिशेने आपोआप पडते. या स्प्लिट स्टेपला विशेष ताकद किंवा लवचीकता लागत नाही. चाळिशीतल्या, पन्नाशीतल्या खेळाडूलाही ती जमते, आणि तरीही आपल्या क्लबांमध्ये ती जवळजवळ दिसत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

पाहण्याची पद्धतही बदलावी लागेल. दूरचित्रवाणीचा कॅमेरा बेसलाइनच्या मागे उंचावर असतो. तिथून चेंडू नेटच्या किती वरून जातो हे नीट कळत नाही आणि सगळे फटके सपाट वाटतात. त्याऐवजी कोर्टाच्या पातळीवरून, बाजूने किंवा पाठीमागून घेतलेले सरावाचे व्हिडिओ शोधा आणि कमी वेगाने पाहा. एका वेळी एकच खेळाडू, एकच फटका आणि फटक्यातील एकच गोष्ट निवडा. मग मित्राला सांगून त्याच कोनातून स्वतःचे चित्रण करून घ्या आणि चेंडू आपल्या बाजूला टप्पा घेतो त्या क्षणी दोन्ही चित्रे थांबवा. व्यावसायिक खेळाडूचे खांदे तोवर पूर्ण वळलेले दिसतील. तुमचे छातीसकट नेटकडे असतील, तर ग्रिप, मनगट, फॉलो थ्रू यांचा विचार सध्या बाजूला ठेवावा. दुरुस्ती आधी चेंडूविना, नंतर हाताने टाकलेल्या चेंडूवर, आणि त्यानंतरच रॅलीमध्ये करावी, कारण गुण मोजले जात असताना शरीर जुन्या सवयीकडेच धावते.

पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र ओपन होत असे तेव्हा मुख्य सामन्यांपेक्षा सरावाची कोर्टे मला अधिक शिकवून गेली. तिथे खेळाडू सुरुवातीला सर्व्हिस लाइनच्या आत उभे राहून हलक्या हाताने चेंडू परतवत, आणि तेवढ्या छोट्या फटक्यातही खांद्यांचे वळणे आणि पावलांची हालचाल पूर्ण असे. आपण मात्र कोर्टवर पाऊल ठेवताच बेसलाइनवरून जोर लावू लागतो. याच स्पर्धेच्या २०१९ च्या अंतिम सामन्यात केविन अँडरसनने इव्हो कार्लोविचला हरवले आणि तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले. अँडरसनची उंची २०३ सेंटीमीटर, कार्लोविचची २११. त्यांची सर्व्हिस ज्या उंचीवरून निघते तिथून चेंडू खाली मारता येतो. आपल्या उंचीच्या खेळाडूला वेगवान सर्व्हिस आत ठेवण्यासाठी फिरकीचाच आधार घ्यावा लागतो. म्हणून नमुना निवडताना आपल्या बांध्याचा आणि आपल्या ग्रिपच्या जवळचा खेळाडू निवडावा, आवडता खेळाडू कोणीही असो.

आपल्याकडे बहुतेकजण क्रिकेट किंवा बॅडमिंटन खेळून टेनिसकडे येतात, आणि याचा विचार परदेशी प्रशिक्षकांच्या व्हिडिओंत सहसा नसतो. बॅडमिंटनची रॅकेट शंभर ग्रॅमहूनही हलकी, तर टेनिसची तीनशे ग्रॅमच्या आसपास. पहिलीला मनगटाच्या झटक्याने वेग देता येतो, दुसरीला तसा दिल्यास तारांचा पृष्ठभागच तिरका होतो आणि मनगट दुखते. उत्तम खेळाडूंच्या फोरहँडमध्ये स्पर्शाच्या वेळी मनगट मागे वाकलेले असते. वेग पाय, कंबर आणि खांदा यांतून क्रमाने येतो. तुम्ही बॅडमिंटन खेळला असाल तर सर्वप्रथम हे तपासा.

बॅकहँडबाबत एवढेच सांगतो की दोन हातांचा असेल तर जोकोविचचा पाहावा, आणि उजव्या हाताने खेळत असाल तर डाव्या हाताने काही फोरहँड मारण्याचा सराव करावा, कारण त्या फटक्यात मुख्य काम डाव्या हाताचेच असते. एका हाताचा असेल तर २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनचा अंतिम सामना पाहावा. नदालचा उंच उसळणारा चेंडू फेडररच्या बॅकहँडला वर्षानुवर्षे छळत होता. त्या दिवशी फेडरर बेसलाइनजवळ टिकून राहिला, चेंडू खांद्याच्या वर जाण्याआधीच त्याने गाठला आणि स्लाइस (चेंडू खालून कापत मारलेले फटके) कमी करून सरळ ड्राइव्ह मारले. पाचव्या सेटमध्ये १-३ असा मागे असताना त्याने सामना जिंकला. यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे चेंडू कोणत्या उंचीवर गाठायचा याचा निर्णय, जो पायांनी घ्यायचा असतो.

या खेळाडूंनी स्वतः काय बदलले हेही पाहण्यासारखे आहे. २०१० च्या अमेरिकन ओपनआधी नदालने सर्व्हिसची ग्रिप किंचित फिरवली, सर्व्हिसचा वेग वाढला आणि ती स्पर्धा त्याने प्रथमच जिंकली. कोपराच्या दुखण्यामुळे जोकोविचने २०१८ च्या सुरुवातीला सर्व्हिसची हालचाल आखूड केली. दोघांनीही संपूर्ण फटका मोडून नव्याने उभा केला नाही. तुम्ही फोरहँडच्याच ग्रिपने सर्व्हिस करत असाल, आणि क्लबात अनेकजण तसेच करतात, तर कॉन्टिनेंटल ग्रिपवर (हातोडी धरतो तशी रॅकेट धरणे) येणे हा तुमच्यासाठी असाच एक नेमका बदल ठरेल. सुरुवातीला चेंडू भलतीकडे जाईल, तरी ग्रिप सोडू नका.

एका गोष्टीत मात्र व्यावसायिकांचे अनुकरण मुळीच करू नये, ती म्हणजे तारा. कडक पॉलिएस्टर तारा त्यांना मानवतात, कारण त्यांचा वेग तेवढा असतो आणि तारा ते सतत बदलून घेतात. आपण त्याच तारा महिनोन्‌महिने ठेवतो, त्या निर्जीव होतात आणि धक्का थेट कोपरात जातो. तुम्ही मऊ मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांच्या) तारा थोड्या कमी ताणावर बसवून घ्या, आणि वर सांगितलेले चित्रण त्यानंतर करा.