भूतानचा 'राजकीय दौरा' की भूतानला भेट?

प्रश्न असा आहे: पंतप्रधान नरेंद्र मोदी २२ मार्च २०२४ रोजी भूतानला गेले, तेव्हाच्या एका बातमीत 'दोन दिवसांचा राजकीय दौरा' असे शब्द होते. लोकसभेची निवडणूक नुकतीच जाहीर झाली होती, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटलं की याचा प्रचाराशी काही संबंध असावा. इथे 'राजकीय' बरोबर आहे का? आणि नेता शेजारच्या देशात जातो तेव्हा मराठीत दौरा म्हणावं, भेट म्हणावं की यात्रा?

आधी 'राजकीय'. तो इथे चुकलाच आहे, आणि वाचणाऱ्याला आलेली शंका ही मराठीच्या चांगल्या कानाला यायलाच हवी अशी शंका आहे. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या हिंदी पत्रकांत 'स्टेट व्हिजिट'साठी 'राजकीय यात्रा' हा शब्द असतो. तिथला 'राजकीय' उचलून त्याला 'दौरा' जोडला की आपली बातमी तयार होते. पण हिंदीत 'राजकीय' म्हणजे राज्यसंस्थेचा, शासनाचा. उत्तर प्रदेशातल्या गावांत 'राजकीय महाविद्यालय' अशी पाटी दिसते, ते आपलं 'शासकीय महाविद्यालय'. तिकडे 'राजकीय सम्मान के साथ' अंत्यसंस्कार होतात, आपल्याकडे 'शासकीय इतमामात'. संस्कृतातला मूळ अर्थ 'राजाचा, राजासंबंधीचा' असा आहे आणि हिंदी त्याच्या जवळ राहिली. मराठीत मात्र हे विशेषण 'राजकारणा'ने पुरतं आपल्याकडे ओढून घेतलं. राजकीय पक्ष, राजकीय हेतू, राजकीय पुनर्वसन म्हटल्यावर मराठी माणसाच्या मनात जे येतं, तेच 'राजकीय दौरा' म्हटल्यावरही येणार. त्यात वाचकाचा दोष नाही.

ही गफलत एका शब्दावर थांबत नाही. हिंदीतला 'राजकीय' म्हणजे आपला 'शासकीय', हिंदीतला 'राजनैतिक' म्हणजे आपला 'राजकीय', आणि हिंदीतला 'राजनयिक' म्हणजे आपला 'राजनैतिक'. भारत आणि भूतान यांच्यात १९६८ मध्ये राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले, हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. हिंदीत तेच लिहिताना 'राजनयिक' म्हणावं लागेल. शब्द तिन्ही ओळखीचे, लिपी एकच, म्हणून भाषांतर करणाऱ्याचा हात थांबत नाही आणि प्रत्येक शब्द एक घर सरकून बसतो. बातमीच्या घाईत हे होतं हे मान्य, पण परराष्ट्र संबंधांच्या बातमीत अर्थ इतका सरकणं परवडणारं नाही.

मग 'स्टेट व्हिजिट'ला म्हणायचं काय? त्यासाठी तिच्यात काय असतं ते पाहू. बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना जून २०२४ मध्ये दोनदा दिल्लीला आल्या. ९ जूनला मोदींच्या शपथविधीला, आणि नंतर २१ व २२ जूनला. पहिल्या वेळी त्या समारंभाच्या निमंत्रित पाहुण्या होत्या. दुसऱ्या वेळी राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात समारंभपूर्वक स्वागत झालं, मानवंदना दिली गेली, राजघाटावर त्यांनी पुष्पचक्र वाहिलं आणि हैदराबाद हाउसमध्ये वाटाघाटी झाल्या. व्यक्ती तीच, शहर तेच, पण दुसऱ्या वेळी एका राज्याने दुसऱ्या राज्याचा मान राखला. हा मान दाखवायला मराठीत 'इतमाम' हा शब्द आहे, आणि आपण तो फक्त अंत्ययात्रेसाठी राखून ठेवला हे मला खटकतं. इतमाम म्हणजे थाट, सरंजाम, यथायोग्य व्यवस्था. 'शासकीय इतमामातील भेट' असं पहिल्या उल्लेखात लिहावं, पुढे नुसतं 'भेट'. 'अधिकृत भेट' हा शब्द वेगळा ठेवावा, कारण राजशिष्टाचारात तिची पायरी या भेटीच्या खालची असते.

आता 'भेट'. या शब्दाला मराठीत मोठा इतिहास आहे. १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेले शिवाजी महाराज भागानगरला, म्हणजे आजच्या हैदराबादला, अबुल हसन कुतुबशहाकडे गेले. छत्रपती शेजारच्या राज्याच्या राजधानीत स्वतः जातात, त्या दरबारात प्रल्हाद निराजींसारखा मराठ्यांचा हेजीब, म्हणजे वकील, असतो, कुतुबशहाच्या बाजूने त्याचे मंत्री मादण्णा बोलणी करतात. आजच्या भाषेत ही शिखरभेटच. सभासद बखरीतला तपशील पाहण्यासारखा आहे: कुतुबशहा महाराजांच्या स्वागताला एक गाव पुढे यायला निघाला होता, तेव्हा महाराजांनी निरोप धाडला की आपण वडील भाऊ, मी धाकटा, आपण पुढे येऊ नये. कोणी कोणाला किती अंतर सामोरं यायचं, यात कोणाचा मान केवढा हे ठरत असे.

हे 'सामोरं जाणं'ही पाहा. पाहुण्याला आणायला पुढे जाणं हा त्याचा अर्थ. आज आपण फक्त संकटांना आणि टीकेला सामोरे जातो. एप्रिल २०१७ मध्ये शेख हसीना दिल्लीला आल्या तेव्हा मोदी स्वतः विमानतळावर गेले. २०२४ मध्ये भूतानचे पंतप्रधान त्शेरिंग तोबगे पारोच्या विमानतळावर मोदींना घ्यायला आले. अशा बातम्यांत 'राजशिष्टाचार बाजूला ठेवून' अशी लांबण लावली जाते. 'हसीना यांना मोदी विमानतळावर सामोरे गेले' एवढं पुरे.

'भेट'बद्दल एक अडचण नेहमी सांगितली जाते. 'भूतानला भेट दिली' म्हटलं की भूतानला काही वस्तू दिली असं वाटतं, आणि ही इंग्रजी वळणाची रचना आहे, असा आक्षेप असतो. मला तो पटत नाही. स्थळाला भेट देणं आता मराठीत रुळलेलं आहे आणि वाक्यात घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो माणसांच्या बाबतीत. 'भूतानच्या राजांची भेट घेतली' म्हणजे ते भेटले. 'भूतानच्या राजांना भेट दिली' म्हणजे नजराणा दिला. दुसरं वाक्य पहिल्याच्या अर्थाने लिहिलेलं अनेकदा दिसतं, ते टाळायला हवं.

'दौरा' अरबी-फारसीतून आला. मुळात फिरणं, फेरी घालणं. कलेक्टरचा दौरा, दुष्काळी भागाचा पाहणी दौरा, असा तो आपल्याकडे रुजला, आणि त्यात आपल्या अखत्यारीतल्या मुलखात फिरणाऱ्या वरिष्ठाची सावली आहे. क्रिकेट संघांच्या दौऱ्यांनी ती बरीच पुसली, तरी छोट्या शेजारी देशाच्या बाबतीत ती मला जाणवते. म्हणून निकष फिरण्याचाच ठेवावा. मार्च २०१५ मध्ये मोदी सेशेल्स, मॉरिशस आणि श्रीलंका अशा तीन देशांत गेले, तो दौरा. त्यातही श्रीलंकेत कोलंबो, अनुराधापुरा, तलाईमन्नार आणि जाफना अशी फेरी झाली, तेव्हा 'श्रीलंका दौरा' म्हणणंही चोख. भूतानच्या राजधानीत, थिंफूला, जाऊन दुसऱ्या दिवशी परतणं ही भेट.

'यात्रा' मराठीत देवाची किंवा गावची. मे २०१८ मध्ये मोदींनी नेपाळमध्ये जनकपूर आणि मुक्तिनाथ इथे दर्शन घेतलं, त्या भागाला यात्रा म्हणता येईल, काठमांडूतल्या चर्चेला नाही. अपवाद प्रवासच मोठा असेल तेव्हाचा. फेब्रुवारी १९९९ मध्ये अटलबिहारी वाजपेयी वाघा ओलांडून गेले ती 'लाहोर बसयात्रा' मराठीत पक्की झाली, कारण बातमी बसने जाण्याचीच होती. पंडित नेहरू सप्टेंबर १९५८ मध्ये इंदिरा गांधींसह भूतानला गेले, तेव्हा भारतातून तिथे मोटारीचा रस्ता नव्हता. नथु ला ओलांडून, तिबेटातल्या चुंबी खोऱ्यातून डोंगरवाटांनी ते पारोला पोचले. ती यात्रा म्हणायला माझी हरकत नाही.

राहिली 'धावती भेट'. २५ डिसेंबर २०१५ रोजी काबूलहून परतताना मोदी लाहोरला उतरले, रायविंडला नवाझ शरीफ यांच्या घरी गेले आणि संध्याकाळी दिल्लीत पोचले. आधी घोषणा नव्हती, इतमाम नव्हता. काहींनी तिला 'सदिच्छा भेट' म्हटलं, तेही चालेल, पण हा शब्द आता कोणीही कोणाला भेटलं की वापरला जातो आणि त्यातून काहीच कळत नाही. 'धावती भेट'मध्ये वेळ किती होता आणि औपचारिकता किती होती, दोन्ही कळतं.