जुन्या जिप्सीत १.३ इंजिन बसवताना कार्बोरेटर कोणता घ्यावा?

तुमची जुनी ९७० सीसीची जिप्सी आहे, तिच्यात एस्टीमचं १२९८ सीसीचं, कार्बोरेटरवालं (कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) इंजिन बसवताय आणि गाडी सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर फिरवायची आहे. एस्टीमचाच कार्बोरेटर ठेवावा की वेबर कंपनीचा ३२/३६ कार्बोरेटर घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. माझं मत असं की आधी तिसरा पर्याय बघा. जिप्सी किंग या नंतरच्या मॉडेलचा कार्बोरेटर त्याच्या इनटेक मॅनिफोल्डसकट (कार्बोरेटरमधून इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांसकट) मिळतो का, ते शोधा. १९९६ ला आलेल्या किंगमध्येही १२९८ सीसीचंच इंजिन होतं. मॅनिफोल्डची आणि इंजिनाची तोंडं (पोर्ट) जुळतात का हे गॅस्केट लावून तपासा, मगच पैसे द्या.

कारण सांगतो. एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं, जिप्सीत ते गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं. म्हणजे इंजिन नव्वद अंशांत फिरतं आणि त्याच्यावरचा कार्बोरेटरही फिरतो. सपाट रस्त्यावर याने काहीच बिघडत नाही. माझ्या गाडीत मिस्त्रींनी एस्टीमचं मॅनिफोल्ड तसंच ठेवलं होतं आणि पुण्यात गाडी इतकी छान चालायची की मला शंकाही आली नाही. मग मुळशीच्या बाजूला एका दगडी चढावर लो रेंजमध्ये (चढासाठीच्या जादा जोराच्या गिअरमध्ये), पहिल्या गिअरवर असताना इंजिन दोनदा आचके देऊन बंद पडलं. गाडी मागे सरकायला लागली. इंजिन बंद झालं की ब्रेक बूस्टरची मदतही थोड्याच वेळात संपते, पाय दाबून दाबून थरथरायला लागतो. तो प्रसंग मी विसरलेलो नाही, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

झालं असं होतं की फिरल्यामुळे फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) मागे, फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडे आला होता. चढावर गाडीचं नाक वर गेलं की पेट्रोल चेंबरच्या मागच्या भिंतीकडे सरकायचं आणि जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) उघडे पडायचे. उतारावर बरोबर उलटं व्हायचं. पेट्रोल नोझलमधून (ज्या तोंडातून ते हवेत जातं) सांडायचं, काळा धूर यायचा. चेंबरमधली पेट्रोलची पातळी नोझलच्या तोंडाखाली जेमतेम पाच-सहा मिलिमीटर असते. चेंबरचा मध्य आणि नोझल यांत चार सेंटिमीटर अंतर धरा. तीस अंशांच्या चढावर त्या दोघांच्या उंचीत दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. पाच-सहा मिलिमीटरचा हिशोब तिथे कसा टिकणार? फ्लोट थोडा वर-खाली करून हे सुटत नाही, कारण चढावर बरं केलं की उतारावर बिघडतं. किंगचं मॅनिफोल्ड लावल्यावर तोच चढ गाडी न अडखळता चढली.

आता वेबर. तो वाईट अजिबात नाही. अमेरिकेत सुझुकी सामुराईवाले कितीतरी लोक १.३ इंजिनावर तोच लावतात. त्याचा पहिला बॅरल (हवा जाण्याची नळी) ३२ मिलिमीटरचा, दुसरा ३६ चा, आणि दुसरा नंतर उघडतो. त्यामुळे खडकांवर हळू चढताना गाडी फक्त लहान बॅरलवर चालते, हे चांगलंच. पण हाच कार्बोरेटर फोर्डने दोन लिटरच्या इंजिनांवर दिला होता. तुमच्या इंजिनाला ६००० आरपीएमला, सिलिंडर ८० टक्केच हवेने भरतात असं धरलं तरी, मिनिटाला साधारण ३१०० लिटर हवा लागते. म्हणजे वेबरची बरीचशी क्षमता तुम्हाला कधी लागणारच नाही. घ्यायचाच असेल तर जेट तुमच्या इंजिनानुसार बदलून घ्या आणि फ्लोट चेंबर कुठल्या बाजूला येतोय ते अडॅप्टर प्लेट (कार्बोरेटर मॅनिफोल्डवर बसवायची जोडपट्टी) बनवण्याआधी बघा. त्याला पेट्रोलचा दाब तीन पीएसआयच्या आसपास हवा. भंगारातून एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनच्या) गाडीचा पंप आणून लावलात तर तो दाब दहापटीहून जास्त असतो, चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह तग धरणार नाही.

आणखी एक गोष्ट कोणताही कार्बोरेटर घेतलात तरी करावी लागेल. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५ पट. त्यामुळे जुन्या जेटवर इंजिन आठेक टक्के लीन (हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर) चालतं, गरम होतं, पिकअप मारला जातो. वेबरच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, १४० म्हणजे १.४० मिलिमीटर. १४० च्या जागी १४५ लावला की भोकाचं क्षेत्रफळ सात टक्क्यांनी वाढतं आणि फरक जवळपास भरून निघतो. जुने रबरी पाइप आणि ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅमही त्याच वेळी बदला, इथेनॉलने ते नरम पडतात.

लडाखला जाणार असाल तर याच्या उलट करावं लागेल. पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्के उरते आणि मिश्रण जवळजवळ तीस टक्के रिच (जास्त पेट्रोलचं) होतं, तेव्हा लहान जेट सोबत न्या. आपल्या घाटांत हजार मीटरवर हा फरक पाच टक्क्यांचा, त्यासाठी काही करू नका.

फ्लोट चेंबरची व्हेंट नळी (त्यात हवा येण्याची नळी) एअर क्लीनरच्या आतच, गाळलेल्या हवेच्या बाजूला उघडू द्या. बाहेर काढलीत तर फिल्टर धुळीने भरत जाईल तसं मिश्रण रिच होत जाईल. इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी घ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली ती लागते.

सगळं बसवून झालं की जंगलात जाण्याआधी ओळखीच्या तीव्र उतारावर गाडी उभी करा. चाकांना मोठे दगड लावा, हँडब्रेक ओढा आणि इंजिन आयडलिंगला पाच मिनिटं चालू ठेवा. आधी नाक वर करून, मग नाक खाली करून, मग एका कुशीवर कलती ठेवून. मधेच आचके आले किंवा पेट्रोलचा वास आला तर बोनेट उघडा आणि फ्लोट चेंबर नोझलच्या कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा.