एक्स्टर्नल हार्ड डिस्कचं पार्टिशन बिघडलंय, आतला डेटा परत मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की कॉपी चालू असताना केबल निसटली. तेव्हापासून २ टीबीची डिस्क लावली की विंडोज फॉरमॅट करायला सांगतं, डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती ‘रॉ’ दिसते. आत वडिलांचे फोटो आणि बहिणीच्या लग्नाचं शूटिंग आहे, दुसरी प्रत नाही, आणि आता चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय) चालवावं का, असा प्रश्न आहे.

नका चालवू. फॉरमॅटच्या खिडकीत ‘कॅन्सल’ दाबा, डिस्क काढून बाजूला ठेवा. दुरुस्तीला माझ्याकडे अशा डिस्क येतात, त्यावरून सांगतो: निव्वळ केबल निसटून बिघडलेल्या डिस्कमधला डेटा बहुतेक वेळा जागेवर असतो. तो जातो तो नंतरच्या घाईघाईच्या खटपटीत.

सातबारा फाटला म्हणून शेत कुठे जात नाही, तसंच पार्टिशनचं, म्हणजे डिस्कवर आखलेल्या भागाचं, आहे. जुन्या एमबीआर पद्धतीत सगळं पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधले (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) जेमतेम ६४ बाइट. जीपीटी पद्धतीत त्याची आणखी एक प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. फाइल सिस्टिम, म्हणजे पार्टिशनमध्ये फाइली मांडायची पद्धत, हीही प्रत ठेवते: एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची (त्या मांडणीची माहिती असलेल्या पहिल्या सेक्टरची) प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं, एक्सफॅट ती सुरुवातीलाच, १२ क्रमांकाच्या सेक्टरपासून (मोजणी शून्यापासून) पुढे ठेवतं. तुम्हाला ‘रॉ’ दिसतंय याचा अर्थ विंडोजला पार्टिशन सापडलंय, पण आतली फाइल सिस्टिम ओळखता येत नाही. अशा वेळी बऱ्याचदा बूट सेक्टर तेवढा बिघडलेला असतो आणि त्याची प्रत शाबूत असते.

चेकडिस्कबद्दल मी इतका आग्रही का? कारण त्याचं काम फाइल सिस्टिमचा हिशोब जुळवणं हे आहे, तुमच्या फाइली वाचवणं हे नाही. ‘रॉ’ डिस्कवर ते सहसा चालायलाच नकार देतं. पण चाललं, तर न जुळणाऱ्या नोंदी काढून टाकतं आणि बेवारस तुकडे ‘फाउंड.०००’ फोल्डरमध्ये ‘सीएचके’ फाइली म्हणून टाकतं. हे सगळं मूळ डिस्कवरच लिहिलं जातं, मग मागे फिरता येत नाही. डिस्क जोडलेली ठेवून कॉम्प्युटर रीस्टार्टही करू नका. सुरू होताना विंडोज कधी कधी आपणहून तपासणी करायला घेतं.

आता आधी एवढं ठरवा की बिघाड फक्त नोंदींचा आहे की डिस्कच खराब होतेय. कान लावा. टकटक आवाज येत असेल, फिरून थांबत असेल, किंवा डिस्क हातातून पडलेली असेल, तर इथेच थांबा आणि डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्ये न्या. चालू ठेवलेला प्रत्येक मिनिट तिथे नुकसान वाढवतो. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, आत दमट हवेचं पाणी धरतं. आवाज नेहमीसारखा असेल तर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत प्रोग्रॅममध्ये ०५, सी५ आणि सी६ या ओळी पाहा. ०५ म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकालाची वाट पाहणारे सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे सेक्टर. सी५पुढे शून्य नसेल तर डिस्क आजारी आहे असं धरून चाला.

पुढची पायरी लोक हमखास टाळतात, कारण तिला वेळ आणि दुसरी डिस्क लागते: संपूर्ण डिस्कची सेक्टरगणिक इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढणं. माझ्या मते हीच खरी रिकव्हरी, बाकी सगळं त्यानंतरचं काम. ४ टीबीची नवी डिस्क घ्या. ती एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ असू द्या, फॅट३२ नको, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. पेन ड्राइव्हवर ‘सिस्टमरेस्क्यू’ हे लिनक्स टाकून त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा, त्यात ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ असतंच. साध्या कॉपीपेक्षा ते शहाणं आहे: आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, खराब जागा सोडून पुढे जातं आणि त्यांच्याकडे शेवटी परत येतं. मॅप फाइल द्यायला विसरू नका. त्यात कुठवर वाचून झालं ते लिहिलेलं राहतं, वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. कुठली डिस्क मूळ आणि कुठली नवी हे दोनदा पडताळा; ती उलटी झाली तर सगळं पुसलं जाईल. यूएसबी ३ वर सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर २ टीबीला साडेपाच तास लागतात, यूएसबी २ च्या ३० एमबी वेगाने अठरा तासांच्या वर.

मग इमेजवर ‘टेस्टडिस्क’ चालवा. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा हा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रॅम आहे, इमेज फाइलही थेट उघडतो. पार्टिशनच सापडत नसेल तर ‘अ‍ॅनालाइज’ आणि ‘क्विक सर्च’ करा. पार्टिशन आहे पण ‘रॉ’ आहे, तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘बूट’ निवडा. तिथे मूळ बूट सेक्टर आणि त्याची प्रत यांची तुलना दिसते. प्रत चांगली असेल तर ‘बॅकअप बीएस’ निवडून ती मूळ जागी बसवता येते, अर्थात इमेजमध्येच. ‘क्विक सर्च’ने सापडलेल्या पार्टिशनवर ‘पी’ दाबल्यावर फोल्डर नावांसकट दिसले की काम जवळपास झालं. ‘राइट’च्या (पार्टिशन टेबल नव्याने लिहायच्या) मोहात न पडता फाइली तिथूनच दुसरीकडे कॉपी करा.

काहीच जमलं नाही तर टेस्टडिस्कच्याच झिप फाइलमध्ये येणारा ‘फोटोरेक’ आहे. तो फाइल सिस्टिमकडे न पाहता फाइलींच्या खुणा शोधतो. वडिलांचे फोटो त्यातून येतील, पण मूळ नावं आणि फोल्डर जातील. लग्नाच्या मोठ्या व्हिडिओ फाइली डिस्कवर तुकड्यांत पसरलेल्या असतील तर अर्धवट निघू शकतात.

डिस्कची बाहेरची डबी उघडून आतली डिस्क थेट कॉम्प्युटरला जोडा, असंही कुणी सांगेल. घाई करू नका. काही डब्यांमधली चिप डेटा एन्क्रिप्ट करते, म्हणजे सांकेतिक रूपात ठेवते. काही डब्या ५१२ बाइटचे सेक्टर कॉम्प्युटरला ४०९६ बाइटचे म्हणून दाखवतात. ती डिस्क बाहेर काढली की चांगलं पार्टिशनही बिघडल्यासारखं दिसतं. आधी केबल आणि पोर्ट बदलून पाहा. बिटलॉकर हे विंडोजचं एन्क्रिप्शन लावलेलं असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधून ठेवा.

लॅबची वेळ आलीच, तर पैसे देण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी मागा आणि डेटा न निघाल्यास किती आकारणार ते लेखी घ्या.

०५, सी५, सी६ पुढचे आकडे आणि डिस्कचा आवाज कसा येतोय, हे खाली लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.