देहदंडाविरुद्धचे आंतरराष्ट्रीय प्रयत्न : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आंतरराष्ट्रीय कायद्याने फाशीवर सरळ बंदी का घातली नाही?

उत्तर : १९६६ साली नागरी व राजकीय हक्कांचा करार झाला, तेव्हा अशी बंदी सर्वांच्या गळी उतरणे शक्य नव्हते. म्हणून सहाव्या कलमाने ही शिक्षा 'अत्यंत गंभीर' गुन्ह्यांपुरती मर्यादित केली, अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या गुन्ह्यासाठी ती देऊ नये आणि गरोदर स्त्रीला फाशी देऊ नये असे ठरवले. शिवाय या कलमाचा आधार घेऊन कोणत्याही देशाने शिक्षा रद्द करणे लांबवू नये, असेही त्यातच नमूद केले. पुढची वाटचाल याच शेवटच्या वाक्यामुळे शक्य झाली, असे मला वाटते.

प्रश्न : एकदा रद्द केलेली शिक्षा नवे सरकार परत आणू शकते का?

उत्तर : देशांतर्गत कायदा बदलता येतो. फिलिपिन्सने १९८७ च्या संविधानाने शिक्षा थांबवली, १९९३ मध्ये परत आणली आणि २००६ मध्ये पुन्हा रद्द केली. मात्र २००७ मध्ये त्या देशाने १९८९ च्या दुसऱ्या ऐच्छिक प्रोटोकॉलला, म्हणजे मृत्युदंड रद्द करण्याचे बंधन घालणाऱ्या, १९६६ च्या कराराच्या पूरक कराराला, मान्यता दिली, आणि त्यातून बाहेर पडण्याची तरतूदच नाही. २०१७ मध्ये तिथल्या कनिष्ठ सभागृहाने अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी मृत्युदंडाचे विधेयक संमत केले, तेव्हा विरोधकांनी हीच बांधिलकी पुढे केली. ते विधेयक कायदा होऊ शकले नाही.

प्रश्न : वंशसंहार करणाऱ्यांनाही ही सवलत द्यायची का?

उत्तर : हा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि रवांडाने तो प्रत्यक्ष भोगला आहे. १९९४ च्या नरसंहारानंतर सुरक्षा परिषदेने विशेष न्यायाधिकरण नेमले, तेव्हा परिषदेत असलेल्या रवांडाने एकट्याने विरोधी मत दिले. त्यात मृत्युदंडाची सोय नाही, हे त्यामागचे एक कारण होते. त्यामुळे टांझानियातील आरुशा येथे या न्यायाधिकरणापुढे खटला चाललेल्या बड्या सूत्रधारांना जास्तीत जास्त जन्मठेप होऊ शकत होती, तर रवांडातील न्यायालये त्यांच्या हाताखालच्यांना मृत्युदंड देत होती, आणि १९९८ मध्ये २२ जणांना जाहीरपणे ठार करण्यात आले. पुढे न्यायाधिकरणाकडील खटले आणि परदेशांत लपलेले आरोपी मायदेशी आणायचे, तर ही शिक्षा आड येत होती. २००७ मध्ये रवांडाने ती रद्द केली. आप्तांना मारणाऱ्यांविषयीचा संताप मी कमी लेखत नाही, पण ज्या देशाला सूड घेण्याचे सर्वाधिक कारण होते त्यानेच हा मार्ग धरला, ही गोष्ट मला मोलाची वाटते. १९९८ च्या रोम संविधीनुसार स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयालाही मृत्युदंड देण्याचा अधिकार नाही.

प्रश्न : संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे ठराव बंधनकारक नसतात, मग त्यांचा उपयोग काय?

उत्तर : फाशीची अंमलबजावणी स्थगित ठेवण्याचे आवाहन करणाऱ्या ठरावाला २००७ मध्ये १०४ देशांनी पाठिंबा दिला आणि ५४ देशांनी विरोध केला, २०२४ मध्ये हेच आकडे १३० आणि ३२ होते. प्रत्येक सरकारला जगासमोर बाजू घ्यावी लागते, आणि विरोधाकडून तटस्थतेकडे सरकण्याची वाटही मिळते. अर्थात, स्थगिती सरकारच्या मर्जीवर टिकते. म्हणून तेवढ्यावर न थांबता ऐच्छिक प्रोटोकॉल स्वीकारावा, हा कार्यकर्त्यांचा आग्रह मला योग्य वाटतो.